कावळा, मेथी आणि माझं मोठं आतडं

चहा उकळतोय तोवर माझ्या गाढवपणाची एक हकिगत ऐकून घ्या. हसू आलं तर खुशाल हसा, मी मनाला लावून घेणार नाही. आमच्या सोसायटीत तसंही सगळ्यांचं हसून झालेलं आहे.

माणसं काय काय खाऊन आजारी पडतात! कुणी तळकट खाऊन, कुणी पाणीपुरी खाऊन, कुणी लग्नात आग्रहाला बळी पडून. मी मेथी खाऊन हॉस्पिटलात गेलो. म्हणजे मेथीचा तसा दोष नव्हता, डॉक्टरांनी ते नंतर नीट समजावून सांगितलं. दोष माझा होता. आणि थोडासा कावळ्याचा.

पण आधी सुलभाबद्दल सांगायला हवं. सुलभा माझी बायको. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत आम्ही संसार केला, मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं. मी एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, आता निवृत्त आहे. आमच्या घरात इतक्या वर्षांत भांडण असं एकच झालं आणि ते रोज झालं. भाजीवरून.

मला भाजी आवडत नाही. आवडत नाही म्हणजे काय, मेथी-शेपू-चवळी शिजायला लागली की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. ताटात वाढली की बोटानं बाजूला सारायचो. आमटी-भात, तळलेला मासा, आणि संध्याकाळी स्टेशनवरून येताना वडापाव, एवढ्यावर माझं पोट आणि मन दोन्ही भरायचं. पाणीही मला जेवण झाल्यावर आठवायचं, तेसुद्धा सुलभानं तांब्या आदळला तर.

"अहो, पोट साफ होत नाही म्हणून रोज अर्धा तास बसता आत. दोन घास भाजी खाल्लीत तर काय बिघडेल?" ती म्हणायची.

"उद्यापासून खातो," मी म्हणायचो.

हे "उद्यापासून" मी तिला किती वेळा ऐकवलं असेल त्याचा हिशोब नाही. पुढे पुढे मी म्हणायच्या आधीच ती म्हणायची, "हो, उद्यापासून." आणि माझ्या ताटातली भाजी स्वतःच्या ताटात ओढून घ्यायची.

ती गेली त्या दिवशीही मेथीच होती. मी नेहमीसारखी बाजूला सारली आणि म्हटलं, "तूच खा बाई, तुला आवडते." ती म्हणाली, "द्या इकडे." तिनं खाल्ली, ओटा आवरला आणि जरा पडायला आत गेली. चहाच्या वेळी मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग उठून आत गेलो.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. झोपेतच. त्रास झाला नसेल, असंही म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं सांगत असतील, पण मला ते ऐकायला बरं वाटलं.

आमचं शेवटचं बोलणं हे असं. इतक्या वर्षांच्या संसारात शेवटचा शब्द कोणता, तर "द्या इकडे". आणि माझा कोणता? "तूच खा."

आता दहाव्याला चला माझ्याबरोबर. खाडीच्या काठाला घाट आहे तिथे आम्ही सगळे गेलेलो. मी, मुलगी प्राजक्ता, जावई, आणि कल्याणहून आलेली माझी थोरली बहीण. तिला आम्ही ताई म्हणतो, आणि ताई असेल तिथे हुकूम ताईचाच चालतो. गुरुजींनी पिंड मांडले आणि विचारलं, "बाईंना काय आवडायचं? ते पानावर ठेवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ठामपणे सांगितलं, "भाजी. पालेभाजी. मेथी तर जीव की प्राण." माझ्या डोळ्यांदेखत रोज खायची ना ती! प्राजक्ता काहीतरी बोलायला गेली, पण मधेच ओढणीनं डोळे पुसायला लागली. तेव्हा मला वाटलं, आईची आठवण आली असेल.

तर पानावर भात, वरण आणि मेथीची भाजी ठेवून आम्ही मागे सरलो. आणि कावळ्याची वाट बघायला लागलो.

कावळा काही येईना.

म्हणजे कावळे होते. झाडावर ही गर्दी. पण आमच्या पानाकडे एकही ढुंकून बघेना. जावयानं हात जोडून सांगितलं, "आई, आम्ही सगळे नीट राहू." नाही. ताई म्हणाली, "सुलभा, पुढेमागे प्राजक्ताचं बाळंतपण आलं तर मी करीन गं." नाही. प्राजक्ता तर नुसती रडत होती. ऊन वर चढलं. गुरुजींना पुढचं काम असावं, ते सारखं मनगटाकडे बघत होते. मग ताई माझ्याकडे वळली.

"अरविंदा, तिचं काहीतरी तुझ्यात अडकलंय. तूच बोल."

माझ्यात काय अडकलं असणार ते मला माहीत होतं. मी चष्मा काढला, कारण डोळ्यांतून धारा लागलेल्या. हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि चारचौघांत मोठ्यानं म्हटलं, "सुलभा, मी भाजी खाईन. रोज खाईन. उद्यापासून नाही, आजपासून." असं म्हणून जमिनीला डोकं टेकलं आणि तसाच राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. पाठीवर ताईचा हात पडला. "शिवला रे, शिवला. ऊठ आता."

आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल? मी जिच्याशी आयुष्यभर हुज्जत घातली ती माझा एक शब्द ऐकून सुटली. मी उठलो तेव्हा रडत होतो, पण आतून इतका हलका झालेलो की घरी येताना भाजीवाल्यापाशी रिक्षा थांबवली आणि मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. सुतकातल्या घरात मेथीच्या जुड्या घेऊन शिरणारा मी पहिलाच असेन.

तिथून माझ्या अंगात जे संचारलं ते सांगायची सोय नाही. सकाळी उठल्याबरोबर दुधीचा रस. नाश्त्याला चक्कीवरून आणलेला गव्हाचा कोंडा दुधात कालवून. दुपारी मेथी, रात्री चवळी, मधल्या वेळी कच्चं गाजर. शेपूसुद्धा खाल्ला हो मी! ज्या शेपूच्या वासानं मी एकदा जिना उतरून खाली गेलेलो, तो शेपू. इसबगोल चमच्यानं कोरडाच तोंडात टाकायचो, कारण पाण्यात कालवला की गिळगिळीत लागतो. पाणी मात्र पूर्वीइतकंच. पाण्याचा शब्द मी दिलेला नव्हता!

वडापाव बंद. भात बंद. संध्याकाळी प्राजक्ताचा ठाण्याहून फोन यायचा. ती वर्तकनगरला राहते. "बाबा, जेवलात?" "जेवलो. भाजी खाल्ली." मी अगदी शाळेतल्या मुलासारखा सांगायचो. ती पलीकडे जरा थांबायची आणि म्हणायची, "बरं केलंत." मला वाटायचं, पोरीला भरून येतंय.

हळूहळू पोट कुरकुरायला लागलं. आधी फुगलं. शर्टाची बटणं ताणायला लागली. मग पोट साफ होणंच बंद झालं, म्हणजे इतका पाला खाऊन! मी आणखी कोंडा वाढवला. मग एक दिवस डाव्या बाजूला खाली, बेंबीच्या बरंच खाली, दुखायला लागलं. गॅस असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच, जास्त. अंगात कणकण. मळमळायला लागलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? डॉक्टरकडे गेला असता. मी काय केलं? सुलभाच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "परीक्षा बघतेस ना? बघ."

हसू नका. तेव्हा मला खरोखरच तसं वाटायचं. आयुष्यभर मी "उद्यापासून" म्हणत आलो, आता थोडं दुखलं की मी मागे सरतो का हे ती बघते आहे, असं मी मनात पक्कं धरलेलं. त्यामुळे जितकं दुखेल तितकी भाजी मी जास्त खायचो. त्यावर पोट मोकळं व्हावं म्हणून एक दिवस एरंडेलही घेतलं. घेतल्यावर जे झालं ते चहाच्या वेळी सांगण्यासारखं नाही. फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेलो, एवढं सांगतो.

प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मला "भाजी" हा शब्दही पुरता बोलता येईना. ती गाडी घेऊन निघाली आणि मला ठाण्याला तिच्या ओळखीच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं.

शीळफाट्यावरून संध्याकाळी गेलायत कधी? ट्रक, डंपर, मधेच उलटी येणारी रिक्षा, आणि खड्डे. प्रत्येक खड्ड्याला माझ्या पोटात डावीकडे खाली नेमकी एकाच जागी सुरी फिरल्यासारखं व्हायचं. कुठे दुखतं हे डॉक्टरांना शोधावं लागलं नाही, ते रस्त्यानं आधीच शोधून ठेवलेलं.

रक्त तपासलं, मशीनमध्ये घालून पोटाचे फोटो काढले आणि रात्री एक तरुण डॉक्टरबाई आल्या. प्राजक्ताच्याच वयाच्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. डायव्हर्टिक्युलायटिस. ते नाव माझ्या तोंडात बसेपर्यंत आजार निम्मा बरा झालेला.

बाईंनी समजावलं मात्र छान. म्हणाल्या, "काका, सायकलची ट्यूब जुनी झाली की तिला कसे फुगे येतात? तसे तुमच्या मोठ्या आतड्याला आलेत. वयाप्रमाणे पुष्कळांना येतात, कित्येकांना ते असल्याचं कळतही नाही. तुमच्या एका फुग्याला सूज आलीये, जंतुसंसर्ग झालाय. म्हणून दुखतंय, ताप आहे."

मी विचारलं, "भाजी खाऊन झालं का हो?"

त्या म्हणाल्या, "उलट आहे. वर्षानुवर्षं भाजी, फळं, कोंड्याचं काही खाल्लं नाही, पाणी प्यायलं नाही, कुंथत बसलात, तर असे फुगे यायची शक्यता वाढते. ते काही या दोन-तीन महिन्यांत आलेले नाहीत. पण आतडं असं सुजलेलं असताना त्यात चोथा कोंबायचा नसतो, त्याला विश्रांती द्यायची असते. आणि दुखत असताना एरंडेल तर अजिबात नाही. फुटलं असतं म्हणजे ऑपरेशनच." त्यांनी सलाइनमधून औषध सुरू केलं आणि म्हणाल्या, "दोन-तीन दिवस फक्त पातळ. नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, सूप. भाजीचं नावही काढायचं नाही."

भाजीचं नाव काढायचं नाही! दहाव्याच्या दिवशी कावळ्याच्या साक्षीनं दिलेला शब्द, आणि ही कालची पोर सांगते भाजीचं नाव काढायचं नाही. मी तोंडानं "बरं" म्हटलं.

आणि इथे मी ते केलं ज्याच्यावरून सोसायटी अजून हसते.

घरून निघताना पिशवीत मी स्टीलचा एक छोटा डबा ठेवलेला. त्यात मेथी. मी इतका आजारी असून डबा भरला कसा म्हणून विचाराल, तर सकाळचीच उरलेली त्यात काढून ठेवलेली होती. डॉक्टरबाई गेल्या, प्राजक्ता औषधं आणायला खाली गेली, आणि मी पांघरुणात तोंड घालून डबा उघडला. एकच घास. शब्द मोडू नये एवढ्यापुरता. घास तोंडात आणि नर्स दारात.

वॉर्डात मेथीचा वास लपतो का? तिनं पांघरूण ओढलं. मी तोंड बंद करून तिच्याकडे बघतोय, ओठांच्या कोपऱ्यातून हिरवं पान बाहेर. ती बिचारी केरळची, तिला मराठी बेताचीच. ती धावत डॉक्टरांना घेऊन आली. बाईंनी डबा बघितला, माझ्याकडे बघितलं. "काका, दारू लपवणारे पेशंट बघितलेत, तंबाखू लपवणारे बघितलेत. मेथी लपवणारे तुम्ही पहिलेच."

डबा जप्त झाला. मी तोंड फिरवून पडून राहिलो. नारळपाणी आलं, घेतलं नाही. सूप आलं, घेतलं नाही. मी मनाशी ठरवलं, भाजी नाही तर काहीच नाही. प्राजक्ता परत आली तेव्हा तिला सगळं कळलेलं. ती स्टूल ओढून बसली.

"बाबा, असं का करताय? मला खरं सांगा."

मी तिला सांगितलं. आजवर फोनवर नुसती भाजी सांगायचो, कावळ्याचं कधी बोललो नव्हतो. म्हटलं, "तिला शब्द दिलाय मी. तो ऐकून ती सुटली. आता मी भाजी सोडली तर तिला काय वाटेल? एवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडे मागितली होती."

 प्राजक्तानं माझा हात हातात घेतला.

"बाबा, कावळा शिवला नव्हता."

मी उठून बसायला गेलो, तिनं मला परत निजवलं.

"तुम्ही डोकं टेकून पडला होतात. उठेनात. ताईआत्या घाबरली. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावला. ताईआत्या म्हणाली, त्याला सांगू नका, तो कोसळेल. आणि त्याच दिवसापासून तुम्ही भाजी खायला लागलात. मला वाटलं, खोट्या कावळ्यामुळे का होईना, खाताय तर खाऊ दे. आईला बरंच वाटलं असतं. तुम्ही स्वतःचे असे हाल करून घ्याल हे मला कसं कळणार?" आणि ती रडायला लागली.

म्हणजे बघा. गवताच्या काडीला दिलेल्या शब्दापायी मी कोंडा खाल्ला, शेपू खाल्ला, एरंडेल प्यायलो आणि हॉस्पिटलात पांघरुणाखाली मेथी खाताना पकडला गेलो.

"मग झाडावरचे खरे कावळे कुठे गेले?" मी विचारलं. काय विचारतोय, कधी विचारतोय!

ती रडता रडता हसली. "पलीकडे गावातल्या एका घरचं दहावं होतं ना, त्यांनी त्यांच्या आजोबांच्या आवडीचे तळलेले बोंबील ठेवले होते. सगळे कावळे तिकडे."

मीही हसलो. हसल्यावर पोटात कळ आली म्हणून थांबलो. आणि थांबल्यावर खरं दुखणं वर आलं. ते पोटातलं नव्हतं. सुलभा आली नव्हती. मी चारचौघांत जमिनीवर डोकं ठेवून शब्द दिला आणि तिला तो पटला नाही. आणि का पटावा? जिवंत असताना तिनं तो इतक्या वेळा ऐकलेला. माझ्या शब्दाची किंमत तिच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

त्या रात्री मी नारळपाणी प्यायलो. प्राजक्तानं पेला धरला आणि मी निमूट प्यायलो.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. आधी पातळ, मग पेज आणि मऊ भात, मग सोललेल्या मुगाचं वरण, शिजवून मऊ केलेला दुधी. ताप उतरला, दुखणं गेलं. घरी जाताना डॉक्टरबाईंनी बजावलं की आता भाज्या, फळं, कोंडा सगळं खायचं आहे, पण हळूहळू वाढवत, पोटाला सवय होऊ देत, आणि त्याच्याबरोबर दिवसभर भरपूर पाणी. पाण्याशिवाय चोथा आत जाऊन बसतो नुसता. रोज चालायचं, कळ आली की दाबून ठेवायची नाही, आत पेपर घेऊन बसायचं नाही. मनानं चूर्णं घ्यायची नाहीत. पुन्हा तसं दुखलं, ताप आला, रक्त दिसलं, तर फोटोसमोर उभं राहायचं नाही, सरळ इकडे यायचं. फोटोचं त्यांना प्राजक्तानं सांगितलेलं दिसतंय.

ताईनं पेरू आणि टोमॅटो माझ्या घरातून हद्दपार केलेले, बिया फुग्यात अडकतात म्हणून. बाईंनी सांगितलं की तो जुना समज आहे, बिनधास्त खा. दीडेक महिन्यानं त्यांनी दुर्बिणीनं आतडं आतून तपासलं. आदल्या दिवशी पोट धुऊन काढायला जे पाणी पाजतात ना, त्यापुढे माझा एरंडेलाचा पराक्रम काहीच नाही. पण बाकी काही वावगं निघालं नाही. फुगे मात्र आहेत. ते आता जायचे नाहीत, सांभाळून राहायचं.

तर मी सांभाळून राहायला लागलो. रोज एक भाजी, बेतानं. तांब्या भरून शेजारी ठेवतो. आदळायला कोणी नाही म्हणून मीच तो टेबलावर जरा जोरात ठेवतो.

आणि सुलभाचं वर्षश्राद्ध आलं.

ताई आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेली. स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली. मी मात्र हट्टानं मेथी स्वतः निवडली, स्वतः चिरली, स्वतः केली. तिची आवडती भाजी, वर्षानं का होईना, माझ्या हातची. या वेळी शब्दबिब्द काही द्यायचा नाही हे मी ठरवलेलं. नुसतं सांगायचं, की बघ, खातोय.

प्राजक्ता ठाण्याहून आली ती हातात कागदाचा पुडा घेऊन. तेलाचे डाग पडलेला. पुड्यात बटाटेवडा.

ताई भडकली. "श्राद्धाच्या पानावर बाजारचा वडा? त्यात लसूण असते!"

"असू दे आत्या," प्राजक्ता शांतपणे म्हणाली आणि तिनं वडा मेथीशेजारी ठेवला.

मला वाटलं, माझ्यासाठी आणलाय पोरीनं. बापाची आवड लक्षात ठेवली.

पान घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. टाकीच्या कठड्यावर ठेवलं. मी चष्मा पुसून घातला. म्हटलं, आता डोळे मिटायचे नाहीत, काय व्हायचं ते समोर होऊ दे.

फार वाट बघावी लागली नाही. एक कावळा आला. खराखुरा, दर्भाचा नव्हे. कठड्यावर बसला, मान तिरकी करून पान बघितलं.  तो पुढे आला आणि त्यानं मेथीत चोच घातली.

माझ्या पोटात आनंद मावेना. म्हटलं, आली!

आणि त्यानं ती मेथी चोचीनं उचलून बाजूला टाकली. पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. भाजी सगळी पानाबाहेर सारून झाल्यावर वडा उचलला आणि उडून गेला.

ताई म्हणाली, "हा तर मेला तुझ्यासारखाच निघाला, अरविंदा."

मलाही तसंच वाटलं. बोटानं भाजी सारणारा मीच दिसलो मला त्याच्यात. मी हसत प्राजक्ताकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"आईसारखा," ती म्हणाली.

"काहीतरीच काय? तिला मेथी आवडायची."

"नाही बाबा. आईला भाजी कधीच आवडली नाही. लहानपणी माहेरी यावरून मार खायची, तिनंच सांगितलं होतं मला. तुमच्या ताटातली उरायची, टाकवायची नाही, म्हणून खायची. त्या दिवशी घाटावर मी सांगणार होते, पण तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात की माझ्यानं सांगवलं नाही."

"मग आवडायचं काय तिला?"

प्राजक्तानं वड्याचा रिकामा कागद हातात धरलेला, त्याची ती घडी घालत होती.

"तुम्ही संध्याकाळी वडापाव आणायचात ना, एकच आणायचात. खाऊन कागद ओट्यावर टाकायचात. त्याला चिकटलेला चुरा ती बोटानं टिपून खायची, चटणीसकट. मी बघितलंय."

ताई खाली निघून गेली. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. पानाबाहेर पडलेली मेथी तशीच होती, ती मी गोळा केली.

मग खाली येऊन जेवायला बसलो. मेथी वाढून घेतली, सावकाश चावून खाल्ली आणि वर तांब्याभर पाणी प्यायलो. डॉक्टरबाई खूश झाल्या असत्या. मला मेथी अजूनही आवडत नाही. तुम्हाला सांगतो, आमच्या घरात भाजी न आवडणारी माणसं दोन होती. खाणारी मात्र ती एकटीच होती.